चार्ली पार्कर

चार्ल्स 'चार्ली' पार्कर (२९ ऑगस्ट, इ.स. १९२०, कॅन्सस सिटी, कॅन्सस - १२ मार्च, इ.स. १९५५; न्यू यॉर्क) हे अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक व संगीतरचनाकार होते. डिझी गिलेस्पी यांच्यासह ते 'बीबॉप' शैलीचे प्रवर्तक मानले जातात. रसिकांत ते 'बर्ड' या टोपणनावाने ओळखले जात.

मोठ्या वाद्यवृंदांचे जॅझ संगीत मुख्यतः नृत्यासाठी असे. बीबॉप मात्र बसून ऐकण्याचे संगीत होते. अतिद्रुत लय, गुंतागुंतीची स्वरसंगती आणि चार-पाच वादकांचा संच ही त्याची वैशिष्ट्ये होत. हार्लेममधील मिंटन्स प्लेहाउस या छोट्या क्लबात रात्री उशिरा रंगणाऱ्या मैफलींत या शैलीची जडणघडण झाली. पुढे ५२व्या रस्त्यावरील लहान क्लबांत पार्कर यांचे ऑल्टो सॅक्सोफोनवादन गाजले.

किशोरवयात जडलेले अमली पदार्थांचे व्यसन त्यांना अखेरपर्यंत सुटले नाही. इ.स. १९४९ मध्ये त्यांच्या टोपणनावावरून न्यू यॉर्कमध्ये 'बर्डलँड' हा क्लब सुरू झाला, परंतु इ.स. १९५१ मध्ये शहरातील क्लबांत वादनासाठी लागणारा त्यांचा परवाना रद्द झाला आणि ज्या छोट्या मंचांवर त्यांची कला बहरली, तेच काही काळ त्यांना बंद झाले. निधनसमयी ते अवघे ३४ वर्षांचे होते. मृतदेह तपासणाऱ्या डॉक्टरांना मात्र त्यांचे वय पन्नाशीपुढचे वाटले होते.