समुद्र घरात आणणारे फिलिप हेन्री गॉस



यंदा विज्ञान प्रदर्शनासाठी काही मुलांनी प्रयोगशाळेत खाऱ्या पाण्याची टाकी ठेवण्याची कल्पना मांडली आहे. गोड्या पाण्यातले रंगीत मासे आता अनेकांच्या घरी असतात. पण समुद्राचे पाणी, समुद्रफुले, खडकांवरचे जीव घरात जिवंत ठेवणे हे काम निराळे आणि कठीण. ज्या गृहस्थांनी हा छंद घरोघरी पोहोचवला आणि काचेच्या टाकीला ॲक्वेरियम हे नाव रूढ करून दिले, त्या फिलिप हेन्री गॉस यांचे चरित्र मुलांनी आणि पालकांनी वाचावे, म्हणून हा लेख.

गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वुस्टर येथे झाला. वडील गावोगावी फिरून छोटी व्यक्तिचित्रे रंगवीत. घरची स्थिती बेताचीच. बालपण पूल या बंदराच्या गावी गेले. सतराव्या वर्षी, १८२७ मध्ये, त्यांना अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंड येथे एका व्यापारी पेढीत कारकुनाची नोकरी धरावी लागली. तिथे १८३२ साली सूक्ष्मदर्शकावरील एक पुस्तक त्यांनी विकत घेतले आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. दिवसा हिशेबाच्या वह्या आणि उरलेल्या वेळात किडे, फुलपाखरे यांचे निरीक्षण, असा क्रम सुरू झाला. वडिलांकडून आलेला चित्रकलेचा हात इथे कामी आला. पाहिलेला प्रत्येक कीटक ते रंगवून ठेवीत.

पुढे कॅनडात शेती केली, ती बसली नाही. १८३८ मध्ये अमेरिकेतील अलाबामा येथे मळेवाल्यांच्या मुलांना काही महिने शिकवले. तिथली गुलामगिरी पाहून त्यांचे मन उबगले. १८३९ मध्ये ते रिकाम्या हाताने मायदेशी परतले आणि लंडनमध्येही त्यांनी काही काळ शाळा चालवली. म्हणजे ते आमच्याच व्यवसायातले! पुस्तके लिहू लागल्यावर मात्र त्यांचा जम बसला. १८४४ ते १८४६ या काळात जमैका बेटावर राहून त्यांनी तिथल्या पक्ष्यांचा अभ्यास केला. त्यावरचे पुस्तक १८४७ मध्ये निघाले. १८४८ मध्ये एमिली बोज यांच्याशी विवाह झाला. त्याही लेखिका होत्या. १८४९ मध्ये मुलगा एडमंड जन्मला.

अतिश्रमाने गॉस यांची प्रकृती ढासळली, तेव्हा १८५२ मध्ये हे कुटुंब डेव्हन परगण्यात समुद्राकाठी राहायला गेले. ओहोटीच्या वेळी गॉस खडकांवर उतरत. हणजुण्याच्या खडकांवर ओहोटीला जी डबकी राहतात, तशीच ती डबकी. त्यात समुद्रफुले, तारामासे, खेकडे, नाना रंगांची शैवाले असत. हे जीव घरी नेले की दोन-तीन दिवसांत पाणी कुजून मरत. ते का मरतात आणि कसे जगतील, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला.

या प्रश्नावर विचार करणारे ते पहिले नव्हते. १८४६ मध्ये अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्की येथून काही जिवंत पोवळी लंडनला आणली होती. वाटेत धक्का लागू नये म्हणून त्यांनी ती सुईदोऱ्याने स्पंजाला शिवून घेतली होती. ही पोवळी म्हणजे थंड पाण्यातली एकेकटी वाढणारी जात, उष्ण समुद्रातल्या मोठ्या प्रवाळभिंतींची नव्हे. समुद्राचे ताजे पाणी कमी पडू लागले, तेव्हा बाईंनी एक युक्ती केली. उघड्या खिडकीपाशी मोलकरणीला बसवून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत राहायला सांगितले. चहा निववताना आपण करतो तसेच. त्यामुळे पाण्यात हवा मिसळे आणि पोवळी जगत. पुढे त्यांनी भांड्यात जिवंत शैवाल ठेवले, आणि ही पोवळी जवळजवळ तीन वर्षे टिकली. मला वाटते, या सगळ्या इतिहासात त्या अनाम मोलकरणीचे श्रम कुणी मोजलेच नाहीत. आजच्या टाकीतला पंप तिचेच काम करतो.

रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये गोड्या पाण्याच्या बाबतीत दाखवून दिले होते की मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई यांचा मेळ बसला तर पाणी वारंवार बदलावे लागत नाही. वनस्पती प्राणवायू देतात, जनावरे कर्बवायू देतात. गॉस यांनी हेच तत्त्व समुद्राच्या पाण्याला लावून पाहिले. आधी दगडासकट शैवाल, ते रुजल्यावर मोजकेच जीव, आणि मेलेला जीव ताबडतोब बाहेर, ही त्यांची पद्धत. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मे १८५३ मध्ये काचेच्या टाक्यांचे दालन लोकांसाठी उघडले, त्यासाठी समुद्री जीव पुरवणाऱ्यांत गॉस होते. १८५४ मध्ये त्यांचे ॲक्वेरियम याच नावाचे पुस्तक आले. त्यातली रंगीत चित्रे त्यांच्याच चित्रांवरून छापलेली होती. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठल्याने काच स्वस्त झाली होती आणि रेल्वेमुळे समुद्रकिनारा जवळ आला होता. पुस्तक हातोहात खपले.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी काय करावे? त्याच वर्षी गॉस यांनी कृत्रिम समुद्रजल तयार केले. साधे मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड असे चार क्षार पाण्यात विरघळवले, त्यात आधी शैवाल सोडले आणि मग आठवड्याभराने जीव. इथे आपल्या मुलांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेडण्याच्या आगरवाड्यातले मिठागराचे मीठ आणून पाण्यात घातले की समुद्र तयार होईल, असे कुणाला वाटेल. तसे होत नाही. मिठागरात मीठ धरते तेव्हा मॅग्नेशियमचे बरेचसे क्षार मागे उरलेल्या कडू पाण्यात राहून जातात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांचे आपसातले प्रमाणही जमावे लागते.

गॉस यांच्या काळी एक गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. प्राण्यांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. खडकांवर व वाळूत राहणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू वाढायला नव्या टाकीला महिना-दीड महिना लागतो. त्याआधी घाईने जीव सोडले तर मरतात. गॉस यांनी हळूहळू जाण्याचा जो सल्ला दिला, त्याचे कारण असे पुढे कळले.

नळांची रचनाही त्यानंतरच सुधारली. वर भांडे ठेवून त्यातून थेंब थेंब पाणी टाकीत पडू द्यायचे, महादेवाच्या पिंडीवरच्या अभिषेकपात्रासारखे, ही जुनी रीत. विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी १८७१ च्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात टाक्यांच्या कितीतरी पट मोठा अंधारा हौद खाली ठेवला. तिथून पंपाने पाणी वर चढे आणि वाहून परत खाली येई. अंधारामुळे हिरवट झालेले पाणी निवळे. आजच्या घरगुती टाकीतही हीच योजना असते. टाकीच्या वरच्या काठावरून सांडलेले पाणी नळाने खालच्या छोट्या टाकीत उतरते, तिथे गाळले जाते आणि पंप ते वर ढकलतो. वीज गेली की पंप थांबतो आणि वर नेणाऱ्या नळातूनच पाणी उलटे खाली येऊ लागते. आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते, हे पालकांना सांगायला नको. म्हणून त्या नळाला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक बारीक भोक पाडतात. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. तेवढे पाणी मावेल इतकी जागाही खालच्या टाकीत मोकळी ठेवावी लागते. खाजन शेतीच्या बांधातली मानस ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लवकर समजेल. भरतीच्या पाण्याने दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. नळात तशी एकमार्गी झडपही बसवता येते, पण क्षार व शंख-शिंपले अडकून ती फसते. भोक फसत नाही, फक्त ते साफ ठेवावे लागते. नळ प्लास्टिकचे हवेत. तांब्या-पितळेचा अंश पाण्यात उतरला तर समुद्रफुले, कोळंबी, पोवळी मरतात.

१८५५ मध्ये गॉस यांनी समुद्रकाठी वर्ग घेतले. स्त्री-पुरुषांना घेऊन ते खडकांत उतरत आणि जीव ओळखायला शिकवीत. जिज्ञासा तर इतकी, की एका जातीचे समुद्रफूल त्यांनी तळून खाऊनही पाहिले! १८५६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पुढचेच वर्ष कठीण गेले. फेब्रुवारी १८५७ मध्ये एमिली कर्करोगाने वारल्या. एडमंड तेव्हा सात वर्षांचा होता. त्याच वर्षी गॉस यांनी पृथ्वी आधीच जुनी दिसेल अशी निर्माण झाली, हे मांडणारे पुस्तक लिहिले. श्रद्धा आणि भूशास्त्र यांचा मेळ घालण्याचा तो प्रयास शास्त्रज्ञांना पटला नाही आणि धर्मगुरूंनाही नाही. गॉस मुलाला घेऊन डेव्हनला कायमचे राहायला गेले आणि पुन्हा खडकांकडे वळले. ब्रिटनमधील समुद्रफुले व पोवळी यांवरचा त्यांचा ग्रंथ १८५८ ते १८६० मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या मते त्यांचे सर्वांत टिकाऊ काम हेच.

पण त्यांच्या पुस्तकांनी जी हौस पेटवली, तिने किनाऱ्याचे काय केले? लोक टोपल्या आणि छिन्न्या घेऊन डबकी रिकामी करू लागले. घरी नेलेले बहुतेक जीव काही दिवसांत मरत आणि मग आणखी आणले जात. ज्या डबक्यांची चित्रे गॉस यांनी काढली, ती त्यांच्या डोळ्यांदेखत उजाड झाली. एडमंड यांनी १९०७ मध्ये लिहिलेल्या आठवणींत याची नोंद आहे आणि त्याचे वडिलांना किती दुःख झाले तेही आहे. गॉस यांचा हेतू लोकांनी सृष्टीची रचना पाहून नम्र व्हावे असा होता.

आपल्याकडे मुरगावजवळच्या ग्रँड बेटाभोवती आणि मालवणला पोवळी आहेत. २००१ पासून भारतात प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. म्हणजे वाघाइतकेच संरक्षण. तेव्हा जिवंत पोवळे किंवा पोवळ्याचा खडक आणणे आपल्या शाळेला शक्य नाही आणि योग्यही नाही. व्यवस्थापन मंडळाने अनुमती दिली, तर साधा कोरडा दगड, विकत मिळणारे मिश्र क्षार आणि आधी दीड महिना नुसते पाणी फिरवणे, एवढेच पहिल्या सत्रात करता येईल. जीव आणायचे की नाही, ते पाणी तपासलेल्या वहीतील नोंदी पाहून ठरवू. नोंदी रोज कोण ठेवणार, त्यांची नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत.

गॉस यांनी १८६० मध्ये एलायझा ब्राइटवेन यांच्याशी दुसरा विवाह केला. उतारवयात त्यांनी ऑर्किड वाढवली आणि पुन्हा सूक्ष्मदर्शक हाती घेतला. पाण्यातल्या अतिसूक्ष्म रोटिफर जीवांवरचा मोठा ग्रंथ त्यांनी हडसन यांच्यासह १८८६ मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, प्रसिद्ध केला. शेवटी शेवटी त्यांना आकाशदर्शनाचा नाद लागला. हिवाळ्यात रात्री उघड्या खिडकीशी दुर्बीण लावून बसल्याने त्यांना थंडी बाधली आणि त्यातून ते पुरते सावरले नाहीत. २३ ऑगस्ट १८८८ रोजी टॉर्की येथे त्यांचे निधन झाले.