डब्यातला सहप्रवासी

रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) आपल्याला कवी म्हणून माहीत. मला मात्र त्यांचा एक रेल्वेप्रवास महत्त्वाचा वाटतो. टिळक राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी काव्य-धर्मावर गप्पा रंगल्या. त्याने नवा करार हाती दिला.

१८९५ साली मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. नातलग तुटले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दुरावल्या. पण त्यांची भजनं मराठी ख्रिस्ती घराघरांत पोचली. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

या सगळ्याची सुरुवात प्रवचनानं नाही, शेजाऱ्याशी आदरानं बोलण्यानं झाली. देवाच्या कामात साध्या ख्रिस्ती माणसाचा वाटा एवढाही असतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये आपण शेजारच्याशी बोलतो तरी का?