मागे तारीख लिहिणारा चित्रकार

शाळेत आपलं निसर्गचित्र ठरलेलं असायचं: दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी. चाळिशीनंतर मी जलरंग शिकू लागले आणि जॉन कॉन्स्टेबल भेटला.

१७७६ मध्ये इंग्लंडमधल्या सफक परगण्यात, पिठाच्या गिरण्या चालवणाऱ्या घरात तो जन्मला. घरचा धंदा सोडून १७९९ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत शिकायला गेला. जुन्या चित्रांच्या नकला करून हात बसवला. मग १८०२ मध्ये ठरवलं, आता थेट निसर्गासमोर बसूनच शिकायचं.

१८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेडला त्याने कितीतरी कागदांवर नुसतं आकाश रंगवलं. अनेकांच्या मागे तारीख, वेळ आणि वारा नोंदवला. दिवसभर लॉग वाचणाऱ्या मला तो तिथेच आपला वाटला. उजेड आकाशातून येतो. आकाश बिघडलं, की खालचं शेत आणि पाणीही बिघडतं, हा त्याचा पहिला धडा.

‘द हे वेन’ हे त्याचं चित्र १८२१ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात विकलं गेलं नाही. १८२४ मध्ये पॅरिसला त्यालाच सुवर्णपदक मिळालं. अकादमीचं पूर्ण सदस्यत्व मिळालं १८२९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. पत्नी मारिया तीनच महिन्यांपूर्वी क्षयाने गेली होती, पदरी सात मुलं होती. तरी १८३७ मध्ये मरेपर्यंत तो रंगवत राहिला.

आता शिकून काय करायचं, असं म्हणणाऱ्या वर्गमित्रांनो, आज संध्याकाळचं आकाश रंगवा. मागे तारीख तेवढी लिहा.