पिल्लं कुठे गेली?

मित्रांनो, अमेरिकेच्या एक डॉलरच्या नोटेवर पंख पसरलेला एक गरुड छापलेला असतो. तोच बाल्ड ईगल. नावात 'बाल्ड' असलं तरी हा पक्षी टकला नाही बरं का! डोक्यावर पांढरीशुभ्र पिसं असतात आणि लांबून टक्कल असल्यासारखं दिसतं, एवढंच. १७८२ पासून तो त्या देशाच्या राजमुद्रेवर आहे. पण विसाव्या शतकात हाच पक्षी त्या देशातून जवळजवळ नाहीसा होत आला होता. तो वाचला यात ज्या बाईंचा फार मोठा वाटा आहे, त्यांचं नाव रेचेल कार्सन. आम्हा केमिकलवाल्यांना हे नाव एन्व्हायर्नमेंटच्या पेपरात दोन मार्कांपुरतं भेटतं. मी त्यांच्याबद्दल वाचत गेलो तेव्हा वाटलं, हा विषय दोन मार्कांचा नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

कार्सनबाईंचा जन्म २७ मे १९०७ चा, पेनसिल्व्हेनियातल्या स्प्रिंगडेल या गावचा. पिट्सबर्ग हे पोलादाचं शहर तिथून जवळच. घराभोवती ६५ एकर जमीन होती, पण पैशांची कायम ओढाताण. आई मारिया मुलीला घेऊन रानात फिरायची, पक्षी दाखवायची. मुलीला लिहायचीही हौस. अकराव्या वर्षीच तिची गोष्ट एका मासिकात छापून आली. कॉलेजात त्यांनी इंग्रजी साहित्य घेतलं आणि मधेच ब्रँच बदलून जीवशास्त्राकडे वळल्या. १९३२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्रात मास्टर्स केलं. पुढे पीएच.डी. करायची होती, पण घरच्या परिस्थितीमुळे ती सोडावी लागली. १९३५ साली वडील गेले. दोन वर्षांनी मोठी बहीण गेली आणि तिच्या दोन मुलींची जबाबदारी बाईंवर आणि आईवर आली. आपण एका बॅकलॉगने खचून जातो, नाही का?

नोकरी मिळाली ती सरकारी मत्स्य खात्यात. कामाच्या निमित्ताने समुद्राचा अभ्यास झाला आणि त्यातून पुस्तकं आली. १९५१ साली आलेलं 'द सी अराउंड अस' इतकं गाजलं, की पुढच्याच वर्षी नोकरी सोडून त्या पूर्णवेळ लेखिका झाल्या.

आता गरुडांकडे येऊ. पेनसिल्व्हेनियात हॉक माउंटन नावाचा एक डोंगर आहे. शरद ऋतूत ससाणे, गरुड असे शिकारी पक्षी त्याच्या धारेवरून दक्षिणेकडे जातात. पूर्वी लोक तिथे बंदुका घेऊन बसायचे आणि शेकड्यांनी पक्षी पाडायचे. १९३४ साली रोझली एज या बाईंनी ती जागा ताब्यात घेऊन तिथे अभयारण्य केलं. मॉरिस ब्रून हे तिथले राखणदार. ते दरवर्षी कड्यावर बसून जाणारा प्रत्येक पक्षी मोजत आणि वहीत नोंदवत. १९४५ साली कार्सनबाईही दुर्बीण घेऊन त्या खडकांवर बसून आल्या होत्या.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बाल्ड ईगलचं डोकं आणि शेपटी जन्मतः पांढरी नसते. पहिली चार-पाच वर्षं तो बहुतेक तपकिरी असतो. त्यामुळे लांबून उडणारा गरुड पाहूनही तो तरुण की जुना, हे सांगता येतं. ब्रून यांच्या वहीत १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या गरुडांपैकी ४० टक्के तरुण होते. १९५५ ते १९५९ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर आलं. १९५७ साली तर ३२ जुन्या पक्ष्यांमागे एकच तरुण दिसला.

तिकडे फ्लोरिडात चार्ल्स ब्रोली नावाचे निवृत्त बँक अधिकारी १९३९ पासून उंच झाडांवर चढून गरुडांच्या पिल्लांच्या पायात कडी अडकवत होते. दहा वर्षांत त्यांनी हजारावर पिल्लांना कडी घातली. मग पिल्लं मिळेनाशी झाली. १९५७ साली त्यांनी पाहिलेल्या ४३ घरट्यांपैकी फक्त ७ घरट्यांत मिळून ८ पिल्लं होती. २३ घरट्यांत अंडी होती, पण ती उबलीच नाहीत. पुढच्या वर्षी एका पिल्लासाठी त्यांना किनाऱ्याने शंभर मैलांवर भटकावं लागलं.

म्हणजे जुने गरुड आकाशात दिसतच होते. सहज वर बघणाऱ्याला वाटणार, सगळं ठीक आहे. घोळ कळला तो वर्षानुवर्षं मोजत बसलेल्या माणसांना.

याच काळात डीडीटीचा सुळसुळाट झाला होता. या रसायनाचा कीटकनाशक गुण शोधल्याबद्दल पॉल म्युलर यांना १९४८ चं नोबेल मिळालं होतं. विमानातून शेतांवर, जंगलांवर फवारणी चाले. डीडीटी लवकर विघटित होत नाही, चरबीत साठतं. पाण्यातून किड्यांत, किड्यांतून माशांत, माशांतून गरुडात, अशी प्रत्येक पायरीवर त्याची मात्रा वाढत जाते. बाईंनी १९४५ सालीच यावर लेख लिहू का म्हणून एका मासिकाला विचारलं होतं, नकार आला. १९५८ साली मॅसॅच्युसेट्समधल्या एका मैत्रिणीने फवारणीनंतर अंगणात पक्षी मरून पडल्याचं कळवलं, आणि मग बाईंनी हा विषय सोडला नाही. शास्त्रज्ञांचे निबंध, सरकारी अहवाल, ब्रून आणि ब्रोली यांच्यासारख्यांच्या नोंदी, सगळं गोळा करून चार वर्षं त्या लिहीत राहिल्या.

ही चार वर्षं कशी होती? भाची वारलेली, तिचा पाच वर्षांचा मुलगा दत्तक घेतलेला. १९५८ साली आई गेली. १९६० साली स्वतःला स्तनाचा कर्करोग झाल्याचं निघालं, शस्त्रक्रिया झाली. तो त्यांनी लोकांपासून लपवला, कारण आजारी बाई रागाने रसायनांवर लिहिते आहे असं म्हणायला विरोधकांना निमित्त मिळालं असतं. सप्टेंबर १९६२ मध्ये 'सायलेंट स्प्रिंग' आलं आणि कीटकनाशकांच्या कंपन्या तुटून पडल्या. कुणी त्यांना भावनाप्रधान ठरवलं, कुणी कोर्टाची धमकी दिली. खरं तर सगळी कीटकनाशकं बंद करा असं त्या म्हणतच नव्हत्या; विचार न करता फवारू नका, एवढंच म्हणणं होतं. मे १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडींच्या विज्ञान समितीच्या अहवालाने त्यांच्या म्हणण्याला मोठा आधार दिला. जूनमध्ये त्या सिनेटच्या समितीपुढे बोलल्या. १४ एप्रिल १९६४ रोजी, ५६ व्या वर्षी त्या गेल्या.

गरुडाची अंडी का उबत नाहीत, याचं नेमकं कारण त्यांच्या हयातीत कळलं नव्हतं. १९६७ साली ब्रिटनच्या डेरेक रॅटक्लिफ यांनी ससाण्यांच्या जुन्या-नव्या अंड्यांची तुलना करून दाखवलं, की कवच पातळ झालंय. डीडीटीपासून बनणाऱ्या डीडीईमुळे कवचाला पुरेसं कॅल्शियम मिळत नाही. मादी उबवायला बसली की तिच्याच वजनाने अंडं फुटतं. अमेरिकेने १९७२ साली शेतीसाठी डीडीटीवर बंदी घातली. अलास्का सोडून तिथे १९६३ साली गरुडाच्या पाचशेहून कमी जोड्या उरल्या होत्या. २००७ पर्यंत त्या दहा हजारांच्या घरात गेल्या आणि पक्षी धोक्याच्या यादीतून निघाला. २०१९ च्या मोजणीत ७१ हजारांवर जोड्या भरल्या. आज तिथे गावाकडच्या तळ्याकाठी, नदीकाठी तो पुन्हा दिसतो.

आपल्याकडेही असंच घडलं. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडं संपत आली. तिथेही आधी मोजणी बोलली, २००४ साली कारण सापडलं आणि २००६ साली ते औषध जनावरांसाठी बंद झालं.

मित्रांनो, उद्या आपल्यापैकी कुणी प्लांटवर जाईल, कुणी डिझाइन करेल. आपण बनवलेली वस्तू वापरून झाल्यावर जाते कुठे, हा प्रश्न सिलॅबसमध्ये असो-नसो, आपण विचारायला हवा. आणि सुट्टीत गावी गेलात, की तळ्याकाठी एखादी सकाळ वही घेऊन बसा. पक्षी मोजा, आणि त्यांत पिल्लं किती ते नक्की लिहा!