धर्मानंद कोसंबी : विद्येच्या शोधात सिंहलद्वीपी

बारावीचे निकाल लागले की मुंबई-पुण्यापासून नंदुरबार जिल्ह्यातील म्हसावदसारख्या गावापर्यंत अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला वा मुलीला परदेशी पाठवायचे, तर कोणत्या देशात आणि कोणत्या विद्यापीठात? जपान, सिंगापूर, चीन, फिलिपिन्स अशी आशियातील नावे आता अमेरिका-इंग्लंडच्या बरोबरीने घेतली जातात. माहितीपत्रके हाताशी असतात, शिष्यवृत्त्यांची चौकशी होते, खर्चाचा ताळा मांडला जातो. सव्वाशे वर्षांपूर्वी यांपैकी काहीही जवळ नसताना एका गोमंतकीय तरुणाने हाच प्रश्न स्वतःला विचारला होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी तो गोव्यापासून नेपाळपर्यंत आणि तेथून सिंहलद्वीप व ब्रह्मदेशापर्यंत भटकला. बौद्ध साहित्याचे थोर अभ्यासक आचार्य धर्मानंद कोसंबी ते हेच.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात, साखवाळ या गावी झाला. नाजूक प्रकृतीमुळे शालेय शिक्षण जेमतेमच झाले. नारळीच्या बागायतीची देखभाल करावी आणि उरलेल्या वेळात मिळेल ते मराठी पुस्तक वाचावे, असा त्यांचा दिनक्रम होता. 1891 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. संसारात मन रमत नव्हते आणि बाहेर पडण्याची वाट दिसत नव्हती. अशा अवस्थेत 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकातील गौतम बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले. त्या छोट्याशा लेखाने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरवली. बुद्धाची शिकवण मूळ ग्रंथांतून जाणून घ्यायची, असा ध्यासच त्यांनी घेतला.

मात्र ही शिकवण शिकवणार कोण? तिच्या जन्मभूमीत पाली भाषेचा अभ्यास जवळजवळ लोपला होता. देवनागरीत पाली ग्रंथ मिळणे दुरापास्त होते. 1899 च्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले. त्या वेळी त्यांची कन्या माणिक अवघ्या काही महिन्यांची होती. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली आणि काही काळ प्रार्थना समाजाचा आसरा मिळाला. पालीचा मार्ग संस्कृतातून जातो हे ओळखून ते ग्वाल्हेरमार्गे काशीला गेले. तेथे अन्नछत्रात जेवून, मिळेल तेथे राहून त्यांनी शास्त्र्यांपाशी संस्कृताचे अध्ययन केले. काशीतील ती वर्षे हालअपेष्टांची होती, परंतु पुढील साऱ्या अभ्यासाचा पाया तेथेच घातला गेला.

त्यानंतर त्यांनी निवड केली ती नेपाळची. बुद्धाचे जन्मस्थान त्या देशात आणि बौद्ध धर्मही तेथे टिकून आहे. तेव्हा विद्याही तेथेच मिळेल, असा त्यांचा साधा तर्क होता. 1902 मध्ये डोंगरवाटा तुडवीत ते काठमांडूला पोहोचले आणि त्यांची पूर्ण निराशा झाली. स्तूप होते, पूजाअर्चा होती, परंतु ज्याच्यासाठी एवढी पायपीट केली ते अध्ययन-अध्यापन त्यांना कोठे आढळले नाही. स्थानाचा महिमा आणि विद्येची परंपरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्यांना नेपाळने दिला. परदेशी शिक्षणाची त्यांची पहिली निवड चुकली होती.

चूक लक्षात येताच ते तेथे रेंगाळले नाहीत. बुद्धगयेला आल्यावर तेथील एका भिक्षूने त्यांना सिंहलद्वीपाला जाण्याचा सल्ला दिला. मग कलकत्त्याच्या महाबोधी सभेशी संपर्क साधून, सहृदय माणसांनी दिलेल्या पैशांवर त्यांनी त्याच वर्षी कोलंबो गाठले. तेथील विद्योदय परिवेणाची स्थापना हिक्कडुवे श्रीसुमंगल महास्थविरांनी 1873 मध्ये केली होती. पाली आणि बौद्ध तत्त्वज्ञानाचे ते त्या काळातील मान्यवर केंद्र होते. पुढे 1959 मध्ये या संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. धर्मानंद तेथे गेले, तेव्हा मात्र परीक्षा, पदवी किंवा नोकरी यांपैकी कशाचाही विचार त्यांच्या मनात नव्हता. तेथे सुमंगलाचार्यांसारखा गुरू होता आणि मूळ ग्रंथ होते, एवढेच त्यांना पुरेसे होते. त्यांनी श्रामणेर-दीक्षा घेतली, सिंहली लिपी आत्मसात केली आणि पालीच्या अध्ययनाला वाहून घेतले.

परदेशी विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारी अडचण त्यांनाही चुकली नाही. तिथला आहार त्यांना मानवेना. प्रकृती खालावत गेली आणि 1903 मध्ये सिंहलद्वीप सोडून त्यांना मद्रासला परतावे लागले. एखाद्याने तेवढ्यावर समाधान मानले असते. धर्मानंदांनी त्याऐवजी पाली परंपरेचे दुसरे जिवंत केंद्र शोधले. ते ब्रह्मदेशात गेले. तेथे त्यांनी भिक्षुपदाची उपसंपदा घेतली, ब्रह्मी लोकांच्या लिपीतील ग्रंथ वाचले आणि ध्यानमार्गाचाही परिचय करून घेतला.

1906 मध्ये ते कलकत्त्याला आले, तेव्हा कोणतीही पदवी त्यांच्यापाशी नव्हती. तरीही सर आशुतोष मुखर्जी यांच्या कलकत्ता विद्यापीठात पालीच्या अध्यापनासाठी त्यांना स्थान मिळाले. याच सुमारास त्यांनी भिक्षुवेष उतरवला आणि ते गोव्याला जाऊन कुटुंबाला भेटले. जवळपास सात वर्षे बाळाबाईंनी पतीविना, तान्ह्या मुलीला सांभाळीत काढली होती. धर्मानंदांच्या विद्याव्रताचे कौतुक करताना या सात वर्षांचा हिशेब विसरता येत नाही. त्यांच्या शिक्षणाचे शुल्क कोणत्याही विद्यालयाने घेतले नाही, पण ते घरच्या माणसांनी भरले.

पुढील निर्णयातही त्यांनी मिळकतीपेक्षा कार्याला महत्त्व दिले. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा 50 रुपयांचे साहाय्य देऊ केले. धर्मानंदांनी महाराष्ट्रात राहावे आणि ग्रंथलेखन करावे, एवढीच अपेक्षा होती. आपल्या लोकांना आपल्या भाषेत बुद्ध समजावा, या ओढीने त्यांनी 1908 मध्ये कलकत्त्याची नोकरी सोडली. मग हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स त्यांच्यापाशी पाली शिकले आणि त्यांच्यामुळेच 1910 मध्ये हार्वर्डचे निमंत्रण आले. हेन्री क्लार्क वॉरन यांच्या निधनाने अपुरे राहिलेले 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाचे संपादन पूर्ण करण्याचे काम होते. श्रेयाच्या प्रश्नावर प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्याशी मतभेद झाल्याने 1912 मध्ये ते परतले. तथापि त्या कामासाठी पुढे आणखी तीन वेळा ते अमेरिकेला गेले. तो ग्रंथ हार्वर्डच्या मालेत 1950 मध्ये प्रसिद्ध झाला. तो पाहण्यास धर्मानंद हयात नव्हते.

1912 ते 1918 या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. चिं. वै. राजवाडे, पु. वि. बापट यांच्यासारखे पाली पंडित त्यांच्याच हाताखाली तयार झाले. ज्या विद्येसाठी त्यांना दोन देश पालथे घालावे लागले, ती आता मराठी मुलांना पुण्यात मिळू लागली. गुजरात विद्यापीठात आणि रशियात लेनिनग्राड येथेही त्यांनी अध्यापन-संशोधन केले. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन त्यांनी कारावास भोगला. 1937 मध्ये मुंबईत परळ येथे कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. त्यांचे पुत्र, गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर कोसंबी, 1929 मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले. वडिलांना जेथे पदवीवाचून निमंत्रण मिळाले होते, तेथेच मुलगा विद्यार्थी म्हणून शिकला. आयुष्याच्या अखेरीस धर्मानंदांनी स्वेच्छेने अन्नत्याग केला आणि 4 जून 1947 रोजी सेवाग्राम येथे देह ठेवला.

आजच्या विद्यार्थ्याने घर सोडून अनवाणी निघावे, असे कोणी म्हणणार नाही. त्याला पदवीची, उपजीविकेची आणि कर्जफेडीची चिंता असते आणि ती रास्तही आहे. परंतु देश निवडण्यापूर्वी धर्मानंदांनी आपल्याला काय शिकायचे आहे ते ठरवले होते. म्हणूनच नेपाळची निवड चुकली, तरी त्यांची वाट चुकली नाही. माहितीपत्रके चाळण्यापूर्वी प्रत्येक घराने आपल्या मुलाला विचारावा असा हा पहिला प्रश्न आहे.