डॉ. विल्यम कॅरी : अडलेल्या वाटेचा वाटसरू

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना त्यांच्या उद्योगाकडे आपलें लक्ष सहज जातें. परंतु त्या उद्योगामागील योजकतेकडे तें तितकें जात नाहीं. रात्रंदिवस खपणारे लोक जगांत पुष्कळ आहेत. वाट अडली असतां भिंतीवर डोकें न आपटतां दुसरी वाट कोठें आहे, याचा शांतपणें विचार करणारा मात्र विरळा. डॉ. विल्यम कॅरी हे अशा विरळा पुरुषांपैकीं होते. आपल्या मराठी भाषेचीही त्यांनीं सेवा केली असल्यामुळें त्यांचें चरित्र आपणांस विशेष जवळचें वाटावें.

ता. १७ ऑगस्ट १७६१ रोजीं इंग्लंडांतील पॉलर्सपरी या खेड्यांत त्यांचा जन्म झाला. वडील प्रथम विणकर होते व पुढें गांवच्या शाळेचे शिक्षक झाले. घरची स्थिति गरिबीची. उन्हांत काम केल्यानें मुलाच्या कातडीस विकार होई. म्हणून शेतकाम सोडून तो जोडे शिवणाऱ्या एका कारागिराजवळ उमेदवारीस राहिला. हातांत आरी व शेजारीं पुस्तक, अशा रीतीनें त्यानें लॅटिन, ग्रीक व हिब्रू ह्या भाषांचा अभ्यास केला. पुढें मोल्टन येथें पाळक व शिक्षक असतां कागद एकमेकांस चिकटवून त्यानें जगाचा मोठा नकाशा तयार केला, आणि निरनिराळ्या देशांची लोकसंख्या, धर्म इत्यादि माहिती त्यावर टिपून ठेविली. कामास हात घालण्यापूर्वीं तें सर्व बाजूंनीं डोळ्यांसमोर मांडून पाहावें, ही त्याची संवय येथेंच दिसूं लागते. १७९२ सालीं ही माहिती त्यानें एका पुस्तिकेंत प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली.

हिंदुस्थानास जावयाचें ठरलें; पण ईस्ट इंडिया कंपनी मिशनऱ्यांस परवाना देत नसे. इंग्रजी जहाजावरून उतरावें लागलें, तेव्हां कॅरी डेन्मार्कच्या जहाजानें निघाले व नोव्हेंबर १७९३ मध्यें सहकुटुंब कलकत्त्यास पोंचले. जवळचा पैसा लवकरच संपला. १७९४ सालीं मदनाबती येथील निळीच्या कारखान्यावर त्यांनीं व्यवस्थापकाची नोकरी पत्करली. तीमुळें पोटाची सोय झाली, राहण्याची परवानगी मिळाली, आणि मजुरांशीं रोज बोलून बंगाली भाषाही पक्की झाली. परंतु त्याच वर्षीं त्यांचा पांच वर्षांचा पुत्र पीटर आजारानें वारला. त्यानंतर त्यांच्या पत्नीच्या मनास जो विकार जडला, तो १८०७ सालीं त्यांच्या मृत्यूपर्यंत गेला नाहीं. कॅरींच्या कार्याचें मोल त्यांच्या घरच्या माणसांनींही दिलें, हें आपण विसरतां कामा नये.

१७९९ सालीं मार्शमन, वॉर्ड व इतर सहकारी इंग्लंडांतून आले. इंग्रजी मुलुखांत त्यांना मज्जाव होता. पण हुगळी नदीच्या कांठीं, कलकत्त्याच्या वर, श्रीरामपूर हें डेन्मार्कच्या राजाचें ठाणें होतें. कॅरींनीं आपलें बिऱ्हाड हलवून जानेवारी १८०० मध्यें तेंच ठिकाण गांठलें. तेथें कामाची वांटणी झाली : मार्शमननीं शाळा चालवावी, वॉर्डनीं छापखाना पाहावा, कॅरींनीं भाषांतरें करावीं. मिळकत मात्र सर्वांनीं एकत्र ठेवावी. १८०१ पासून फोर्ट विल्यम कॉलेजांत शिकविण्याबद्दल कॅरींना मिळणारा मोठा पगारही ह्याच कामीं खर्च होई.

त्यांनीं खिळे विलायतेहून मागविण्यावर भिस्त ठेविली नाहीं. पंचानन कर्मकार ह्या बंगाली कारागिरास त्यांनीं हातीं धरिलें. तो व त्याचा जांवई मनोहर यांच्या हातून पोलादी ठसे कोरले जाऊं लागले व खिळे श्रीरामपुरासच ओतले जाऊं लागले. मराठीच्या बाबतींत वैजनाथ पंडितांचें साहाय्य घेऊन कॅरींनीं १८०५ सालीं मराठी व्याकरण, आणि १८१० सालीं मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. कोशासाठीं मोडी लिपीचे खिळे वापरले. कारण व्यवहारांत लोकांच्या हातची लिपि तीच होती.

ता. ११ मार्च १८१२ च्या सायंकाळीं छापखान्यास आग लागली. कागदाचे गठ्ठे, अनेक भाषांचे खिळे, आणि कॅरींचीं कित्येक वर्षांच्या श्रमाचीं हस्तलिखितें जळून गेलीं. कॅरी त्या वेळीं कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशीं परत येऊन त्यांनीं ती राख पाहिली. पण पोलादी ठसे ढिगाऱ्याखालीं शाबूत सांपडले, आणि छापण्याचीं यंत्रेंही वांचलीं. खिळे परदेशाहून आणावयाचे असते, तर वर्षानुवर्षें काम बंद पडलें असतें. येथें कारागीर, ठसे व वितळलेली धातु हाताशींच होतीं. कांहीं आठवड्यांतच छपाई पुन्हां सुरू झाली. एकदां चाललेली वाट दुसऱ्यांदा अधिक सोपी व खात्रीची होते, असें समजून कॅरींनीं भाषांतरें नव्यानें आरंभिलीं.

त्यांचें सर्वच काम निर्दोष होतें असें नाहीं. पुष्कळ भाषांचा भार एका माणसानें घेतल्यामुळें कित्येक भाषांतरें ओबडधोबड राहिलीं. त्यांनीं १८११ सालीं मराठींत नवा करार छापला होता. तरी मुंबईच्या अमेरिकन मिशनास नवें भाषांतर करावें लागलें, व तें १८२६ सालीं प्रसिद्ध झालें. पण पहिली पायवाट कोणी तरी पाडल्यावांचून पुढें रस्ता होत नाहीं. ता. ९ जून १८३४ रोजीं श्रीरामपूर येथें कॅरींचा अंत झाला. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १८१८ सालीं काढलेलें कॉलेज तेथें आजही चालू आहे.

विद्यार्थिमित्रांनो, परीक्षेंत अपयश आलें, घरीं अडचण पडली, किंवा योजिलेली गोष्ट हातची गेली, म्हणजे आपण नशिबास बोल लावतों. अशा वेळीं कॅरींचे ठसे आठवावे. हातचें काय गेलें याचा शोक मनुष्यास होणारच. परंतु ढिगाऱ्याखालीं काय शाबूत आहे हें जो उकरून पाहतो, त्यालाच पुन्हां आरंभ करतां येतो. आणि संकटांत उपयोगीं पडतील असे ठसे बरे दिवस असतांनाच कोरून ठेवावे लागतात. आज शाळेंत आपण करीत आहों, तें काम याहून निराळें नाहीं.