ऑरिजेन : अक्षर आणि आत्मा

बायबलच्या अर्थनिर्णयनाच्या इतिहासात ऑरिजेनचे नाव आध्यात्मिक अर्थाच्या पक्षाशी जोडले गेले आहे. वाच्यार्थाची उपेक्षा करणारा भाष्यकार, हा त्याच्यावरील जुना आक्षेप होय. त्याचे चरित्र पाहता हा आक्षेप अपुरा ठरतो.

इ. स. १८५ च्या सुमारास अलेक्झांड्रिया येथे ख्रिस्ती कुटुंबात त्याचा जन्म झाला. पिता लिओनिडीस याने त्याला ग्रीक विद्यांबरोबर धर्मग्रंथातील उतारे मुखोद्गत करावयास लावले. इ. स. २०२ च्या सुमारास झालेल्या छळात पित्याचा शिरच्छेद झाला. त्याच्यामागोमाग हौतात्म्य पत्करू पाहणाऱ्या मुलाला आईने कपडे लपवून घरात रोखले. मत्तयकृत शुभवर्तमानातील (१९:१२) स्वर्गराज्यासाठी षंढत्व पत्करणाऱ्यांविषयीचे वचन त्याने तारुण्यात अक्षरशः आचरणात आणले, असे चर्चचा इतिहासकार युसेबियस सांगतो. काही आधुनिक अभ्यासक या कथेविषयी साशंक आहेत. मात्र उतारवयातील मत्तयभाष्यात ऑरिजेनने त्या वचनाचा वाच्यार्थ घेणे चूक ठरविले, हे निश्चित.

हा प्रश्न त्या काळी केवळ पांडित्याचा नव्हता. दुसऱ्या शतकात मार्शियनने जुन्या कराराचा वाच्यार्थच ग्राह्य धरला आणि त्यातील कठोर देव हा येशूचा पिता नव्हे, असे म्हणून तो करारच त्याज्य ठरविला. ‘पेरी आर्खोन’ या ग्रंथाच्या चौथ्या भागात ऑरिजेनने या भूमिकेला उत्तर दिले. मनुष्याला देह, जीव आणि आत्मा असतात, तद्वत् धर्मग्रंथालाही असतात, असे त्याचे प्रतिपादन होते. सूर्याच्या निर्मितीपूर्वीच संध्याकाळ व सकाळ झाल्याचे वर्णन शब्दशः घेता येत नाही; अशी स्थळे वाचकाला अडखळवून गूढार्थाकडे वळविण्यासाठीच योजिलेली आहेत, असे तो मानतो. तथापि वाच्यार्थाने सत्य असणारी स्थळे संख्येने कितीतरी अधिक आहेत, असेही तो त्याच ठिकाणी बजावतो.

पॅलेस्टाइनमधील बिशपांनी त्याला दिलेल्या पुरोहितदीक्षेवरून अलेक्झांड्रियाचा बिशप देमेत्रियस याच्याशी त्याचा संघर्ष झाला. इ. स. २३० नंतर लवकरच तो कैसरिया येथे स्थायिक झाला. ‘हेक्साप्ला’ या त्याच्या प्रचंड संकलनात जुन्या कराराचा हिब्रू पाठ, त्याचे ग्रीक लिप्यंतर आणि चार ग्रीक अनुवाद सहा स्तंभांत शेजारीशेजारी मांडलेले होते. सेप्टुआजिंट या प्रचलित ग्रीक अनुवादात हिब्रूहून अधिक काय आणि उणे काय, हे त्याने खुणांनी दाखविले. देहाखेरीज आत्म्याचा शोध लागत नाही, अशीच जणू ही श्रद्धा होती. आध्यात्मिक अर्थाचा हा पुरस्कर्ता अक्षराचाही तितकाच निष्ठावंत सेवक होता.

इ. स. २५० मध्ये सम्राट डेसियसच्या छळात वृद्ध ऑरिजेनला कारावास व यातना भोगाव्या लागल्या. त्याने श्रद्धा सोडली नाही. इ. स. २५४ च्या सुमारास त्याचा मृत्यू झाला. इ. स. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेत त्याचे नाव पाखंडी म्हणून निषेधिले गेले आणि त्याचे बरेचसे ग्रीक लेखन लुप्त झाले. ‘पेरी आर्खोन’ आज समग्र स्वरूपात रुफिनसच्या लॅटिन अनुवादातच वाचावा लागतो, आणि त्यात रुफिनसने आक्षेपार्ह वाटलेली स्थळे सौम्य केली आहेत. २०१२ साली म्युनिक येथील एका हस्तलिखितात स्तोत्रांवरील त्याची २९ ग्रीक प्रवचने सापडली. ज्या पाठचिकित्सेसाठी त्याने आयुष्य वेचले, तिचाच आधार आता त्याचा स्वतःचा अभिप्राय निश्चित करण्यासाठी अभ्यासकांना घ्यावा लागत आहे.